मिथायलेशन आढळले, म्हणजे आजार वंशात आला का?

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ७१ असून मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूच्या कर्करोगासाठी त्यांची नुकतीच शस्त्रक्रिया झाली. गाठीच्या पहिल्या अहवालात ‘एमएलएच१ व पीएमएस२ प्रथिने अनुपस्थित’ असे लिहून आले, तेव्हा एका परिचिताने हा आनुवंशिक प्रकार असल्याचे सांगितले. पुढच्या अहवालात ‘एमएलएच१ प्रोमोटर मिथायलेशन आढळले’ असे आहे. मी ४३ वर्षांचा आहे आणि धाकटी बहीण वाळपईला दिली आहे. आम्ही व आमच्या मुलांनी जनुकीय चाचणी करून घ्यावी का? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : दुसरा अहवाल आपली काळजी वाढवणारा नाही, बऱ्याच अंशी ती कमी करणारा आहे.

एमएलएच१ हे जनुक पेशीत मुद्रितशोधकाचे काम करते : पेशी विभागताना डीएनएची प्रत काढली जाते, तेव्हा राहिलेल्या चुका दुरुस्त करण्याच्या कामात त्याचे प्रथिन लागते. पीएमएस२ हे प्रथिन त्याच्याच आधाराने टिकते, त्यामुळे दोन्ही एकदम नाहीशी दिसली तरी बिघाड बहुधा एकच असतो. हा बिघाड दोन वाटांनी होतो. एक तर जनुकाचा मजकूरच जन्मतः बिघडलेला असतो. त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात आणि तो आईवडिलांकडून मुलांकडे जाऊ शकतो. दुसऱ्या वाटेने मजकूर शाबूत राहतो, परंतु जनुक सुरू करणाऱ्या भागातील (म्हणजे प्रोमोटरमधील) सायटोसीन या डीएनएच्या घटकांवर मिथाईल गट चिकटत जातात आणि पेशीला ते जनुक वाचताच येत नाही. यालाच मिथायलेशन म्हणतात. ओळ खोडलेली नसते, तिच्यावर कागद डकवलेला असतो. वडिलांच्या गाठीत हे दुसरे घडलेले दिसते. हे बदल बहुतेक वेळा आयुष्याच्या ओघात केवळ त्या अवयवातील पेशींमध्ये होतात, आणि उतारवय व आतड्याची उजवी बाजू हे त्यांचे नेहमीचे चित्र आहे.

गंमत अशी, की कर्करोगाच्या पेशीत एकूण मिथायलेशन निरोगी पेशीपेक्षा कमीच असते. आतड्याच्या कर्करोगात फाईनबर्ग व व्होगलस्टाईन यांनी हे १९८३ मध्ये दाखवले. जिथे हवे तिथून ते उडते आणि जिथे नको अशा मोजक्या ठिकाणी साचते. जठरातही हेच दिसते : हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे दीर्घकाळ दाह राहिला, की कर्करोग होण्याआधीच तेथील अस्तरात असे बदल साचू लागतात.

तरीही ‘बऱ्याच अंशी’ हे शब्द मी जाणून वापरले. क्वचित हेच मिथायलेशन शरीरभरच्या पेशींत, रक्तातही सापडते, आणि क्वचित लिंच असलेल्या व्यक्तीच्या गाठीतही ते आढळते. म्हणून गाठीत ‘बीआरएएफ व्ही६००ई’ हा (बीआरएएफ या दुसऱ्या जनुकातील) बदल तपासला आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. तो असल्यास आनुवंशिकतेची शक्यता आणखी मावळते. घराण्यात कुणाला कमी वयात आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झाला असेल, तर मात्र जनुकीय समुपदेशन घ्यावेच. तसा इतिहास नसेल, तर मुलांची चाचणी आज करण्याचे कारण मला दिसत नाही.

त्या परिचितांना दोष देऊ नये. केवळ पहिला अहवाल वाचला तर कुणालाही तसेच वाटेल. वडिलांच्या उपचारांसाठी मात्र तो पहिला अहवालच मोलाचा आहे. आजार पसरलेला असल्यास अशा गाठींवर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणारे उपचार, चांगली लागू पडते, मग कारण मिथायलेशन असो वा आनुवंशिक दोष. तेव्हा दोन्ही कागद बांबोळीला (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा जिथे उपचार चालू आहेत तिथे दर भेटीत सोबत न्यावेत.

राहिला आपला व बहिणीचा प्रश्न. मिथायलेशनचा निष्कर्ष काहीही असो, आई किंवा वडिलांना आतड्याचा कर्करोग झालेल्यांनी साधारणपणे चाळिशीपासून तपासणी सुरू करावी असे मानले जाते. आपण ती वयोमर्यादा ओलांडली आहे. म्हणून कोलोनोस्कोपीची वेळ आता घ्यावी, आणि बहिणीने चाळिशी गाठताच घ्यावी. शौचात रक्त, अकारण रक्तक्षय किंवा शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल दिसला, तर तिने चाळिशीची वाट पाहू नये.