वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसद भवनात, घुमटाखाली गोल फिरणारी इतिहासाची पट्टी दगडात कोरलेली आहे का?

नाही, ती रंगवलेली आहे. फक्त पांढऱ्या-करड्या छटा वापरून उजेड-सावली अशी साधली आहे की खालून पाहताना उठावाचं शिल्पच वाटतं. जमिनीपासून साधारण ५८ फूट उंचीवर, जवळपास ३०० फूट लांबीची ही पट्टी आहे. रोममध्ये जन्मलेले कॉन्स्टँटिनो ब्रुमिडी यांनी १८७८ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, ती रंगवायला घेतली! पुढच्या वर्षी पेनसिल्व्हेनिया वसाहतीचा संस्थापक विल्यम पेन याचा प्रसंग रंगवताना त्यांची खुर्ची परांचीवर घसरली. मदत येईपर्यंत ते शिडीला लोंबकळून राहिले. काही महिन्यांतच, फेब्रुवारी १८८० मध्ये, ते गेले. त्यांच्याच रेखाटनांवरून फिलिप्पो कोस्ताजिनी यांनी काम पुढे नेलं, तरी शेवटी सुमारे ३१ फूट जागा कोरीच राहिली. ती ॲलन कॉक्स यांनी १९५३ मध्ये भरली, म्हणून शेवटी राइट बंधूंचं विमान दिसतं.

चित्रकला थक्क करणारी आहे, पण एक गोष्ट मला खटकते. देशाची गोष्ट इथे कोलंबसच्या पावलापासून सुरू होते. त्याआधी हजारो वर्षं तिथे राहणारी माणसं बहुतेक पाहुण्यांच्या समोर उभी दिसतात, स्वतःच्या घरात नाहीत.