‘दोन वर्षांचा अनुभव दाखवून देतो’ म्हणणाऱ्यांचं काय करायचं?

प्रश्न : मॅडम, मी मूळची कराडची, सध्या पुण्यात कर्वेनगरला पीजीमध्ये राहते. 2024 मध्ये शिवाजी विद्यापीठातून बीसीएस झाले. नंतर आजीच्या आजारपणामुळे आठ महिने घरीच होते. मग पुण्यात येऊन सॉफ्टवेअर टेस्टिंगचा क्लास केला, एका छोट्या कंपनीत चार महिने इंटर्नशिप केली. अर्ज शेकड्यांनी केले, फोन मोजकेच आले. आता एका लहान कंपनीची ऑफर आली आहे. मी मेलवर हो कळवलंय, एक तारखेला जॉइनिंग आहे. क्लासचे सर म्हणतात, एवढ्याशा पगारावर जाऊ नकोस, आम्ही जुलै 2023 पासूनचा अनुभव दाखवून देतो, लेटर, सॅलरी स्लिप सगळं मिळेल, पीएफसुद्धा भरू. दुप्पट पगार मिळेल. आमच्या बॅचमधल्या बऱ्याच जणांनी तसं केलंय. शिवाय एका मोठ्या कंपनीची दुसरी फेरी बाकी आहे. तिथे झालं तर पहिल्या कंपनीचा फोनच उचलू नकोस, असं मैत्रिणी सांगतात. आणि बाबा म्हणतात, मी एकदा त्या एचआरशी बोलून बघतो. काय करू?

उत्तर : तुझे तीन प्रश्न आहेत. त्यातला क्लासचा आधी घेते, कारण बाकीच्या दोन गोष्टी चुकल्या तरी निस्तरता येतात. ही येत नाही.

जुलै 2023 मध्ये तू कुठे होतीस ते आठव. नुकतंच तिसरं वर्ष सुरू झालं होतं. त्या वर्षाच्या दोन्ही सेमिस्टरच्या मार्कशीट तुझ्याकडे आहेत, त्यांवर परीक्षेचा महिना आणि साल छापलेलं आहे. म्हणजे तू कराडला पेपर लिहीत होतीस आणि त्याच दिवसांत पुण्यात पूर्ण वेळ नोकरीही करत होतीस, असं तुझ्याच फाइलमधले दोन कागद एकमेकांशेजारी ठेवले की दिसणार. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करणारी एजन्सी काही फार हुशारी करत नाही. ती कागद शेजारी ठेवते, तारखा जुळवते आणि जुन्या कंपनीत फोन करते. लेटर देणाऱ्या कंपनीचं ऑफिस म्हणजे एखाद्या बिल्डिंगमधला बंद गाळा निघाला, की पुढचं फारसं विचारावं लागत नाही.

‘पीएफ भरू’ हे ऐकायला सगळ्यात पक्कं वाटतं आणि माझ्या मते तेच सगळ्यात घातक आहे. पीएफसाठी तुला जो यूएएन, म्हणजे खातेदाराचा नंबर मिळेल, तो आयुष्यभर एकच असतो. तू कितीही नोकऱ्या बदल, प्रत्येक कंपनीचं नाव, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख त्याच नंबराखाली साठत जाते. पासबुकात कोणत्या महिन्याच्या पगारावरचा भरणा आहे आणि पैसे कधी जमा झाले, हे दोन्ही दिसतं. मागच्या वीस महिन्यांचे पैसे एकाच आठवड्यात भरले तर ते तसंच दिसणार. समजा, या वेळी कोणी बघितलं नाही. तरी ती न केलेली नोकरी तुझ्या खात्यात कायमची बसली. पुढच्या नोकरीच्या वेळी तीच हिस्टरी काढून मागतील, त्याच्या पुढच्या वेळीही मागतील. आज बावीस-तेविसाव्या वर्षी सांगितलेली गोष्ट पस्तिसाव्या वर्षी मॅनेजरच्या मुलाखतीला जाताना पाठ करून जावी लागेल. सर त्या वेळी फोन उचलणार आहेत का?

मुलाखतीचंही बघ. दोन वर्षं टेस्टिंग केलेल्या माणसाला ‘रिग्रेशन टेस्टिंग म्हणजे काय’ असं कोणी विचारत बसत नाही. विचारतात ते असं : ‘तुमचा रिलीज किती आठवड्यांनी जायचा? शेवटच्या दिवशी मोठा डिफेक्ट सापडला तर काय करायचात?’ खरं काम केलेला मुलगा अशा प्रश्नावर आधी हसतो, मग तक्रार करतो. डेव्हलपरने ‘माझ्या मशीनवर चालतंय’ म्हणून डिफेक्ट परत पाठवला, मग त्याच्याशेजारी बसून पुन्हा करून दाखवला, तोवर रात्रीचे दहा वाजले, पीजीचं जेवण गेलं. पाठ केलेला मुलगा व्याख्या सांगतो. समोरचा पंधरा वर्षं हेच करत असतो, त्याला दहा मिनिटांत कळतं. आणि न कळताच नोकरी लागली तर पहिल्याच सोमवारी दोन वर्षांच्या अनुभवाचं काम तुझ्या टेबलावर येईल, ते वेगळंच.

‘बऱ्याच जणांनी केलंय’ हे मी नाकारत नाही. काही जण त्यातून पारही होतात. पण नोव्हेंबर 2022 मध्ये अॅक्सेंचरने भारतातल्या अशा कर्मचाऱ्यांना काढल्याचं जाहीरपणे सांगितलं होतं. नोकरी मिळवण्यासाठी त्यांनी नामधारी कंपन्यांची कागदपत्रं आणि अनुभवाची लेटर दिली होती. ही माणसं आत शिरलेली होती, कामाला लागलेली होती. रुजू होताना आपण ज्या डिक्लरेशनवर न वाचता सही करतो, त्यात ‘माहिती खोटी आढळल्यास केव्हाही काढता येईल’ अशा अर्थाची ओळ बहुतेक ठिकाणी असते. शिवाय बनावट कागद खरा म्हणून वापरणं हा भारतीय न्याय संहितेप्रमाणे गुन्हा आहे, आणि तो वापरणारी तू असशील. क्लासचं नाव त्या कागदावर कुठेच नसेल.

तुझ्याकडे जे आहे ते तू उगाच लपवते आहेस असं मला वाटतं. चार महिन्यांची इंटर्नशिप आहे. ती ‘इंटर्न’ म्हणूनच लिही, तारखांसकट. कोणत्या प्रकारचं अॅप होतं, टेस्ट केस तू लिहिल्यास की दुसऱ्याने लिहिलेल्या चालवल्यास, डिफेक्ट जिरामध्ये (डिफेक्ट नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) टाकत होतात की एक्सेल शीटमध्ये, हे खरं खरं लिही. एक्सेलमध्ये असेल तर एक्सेल लिही, लाज वाटायचं कारण नाही. निम्म्या छोट्या कंपन्या तेच करतात. तुला सापडलेला एक चांगला डिफेक्ट निवड आणि तो कसा सापडला हे दोन मिनिटांत सांगता येईल एवढा घोटून ठेव. फ्रेशरच्या मुलाखतीत मला यापेक्षा उपयोगी तयारी माहीत नाही.

आणि ते आठ महिने. त्याला एवढं घाबरू नकोस. ‘पदवीनंतर आठ महिने आजीच्या आजारपणात घरी होते. त्यानंतर टेस्टिंगचा कोर्स केला, इंटर्नशिप केली.’ दोन वाक्यं बोलायची आणि थांबायचं. विचारलं तरच पुढे. मुलं याच ठिकाणी घाबरून पाच मिनिटं खुलासा देत बसतात आणि समोरच्याला नसलेली शंका येते.

अर्जांबद्दल थोडक्यात. तू सोबत जोडलेला रेझ्युमे पाहिला. फाइलचं नाव ‘न्यू रेझ्युमे लेटेस्ट 3’ आहे. एचआरच्या डाउनलोड फोल्डरमध्ये या नावाच्या आणखी चाळीस फाइली असतात. तुझं नाव आणि ‘टेस्टर’ एवढंच ठेव. एका मेलमध्ये पंधरा कंपन्यांचे पत्ते टाकू नकोस, सगळ्यांना सगळे दिसतात. नोकरी पोर्टलवर दिवसाला पन्नास ठिकाणी बटण दाबण्यापेक्षा पाच जाहिराती नीट वाचून त्यांप्रमाणे दोन ओळी बदलून अर्ज कर. आणि अनोळखी नंबर आला की ‘कोण पाहिजे?’ असं खेकसू नकोस. सध्या तुझा प्रत्येक अनोळखी फोन नोकरीचा असू शकतो. रस्त्यात असशील तर ‘मी बाहेर आहे, अर्ध्या तासात फोन केला तर चालेल का?’ म्हणावं. पीएमपीच्या बसमध्ये उभ्याने मुलाखत देऊ नये. बाकी कोणी रजिस्ट्रेशन, लॅपटॉपचं डिपॉझिट किंवा ट्रेनिंगच्या नावाखाली पैसे मागितले तर तिथेच थांब. भरून बसली असशील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार कर.

ओळखीतून अर्ज करण्यात काही गैर नाही. बऱ्याच कंपन्यांत रेफरलची रीतसर पद्धत असते, आणि माणूस लागला तर रेफर करणाऱ्याला त्याचे पैसेही मिळतात. पण मागण्याची रीत हवी. लिंक्डइनवर कॉलेजच्या सीनियरला सकाळी ‘हाय सर’, दुपारी ‘सर’, संध्याकाळी नुसती दोन प्रश्नचिन्हं, असं जातं आणि मग मुलं म्हणतात, सीनियर भाव खातात. पहिल्याच मेसेजमध्ये सगळं दे : मी अमुक कॉलेजची, तुमच्या कंपनीत अमुक नंबरची जागा निघाली आहे, रेझ्युमे जोडलाय, योग्य वाटलं तर रेफर कराल का. त्याने केलं नाही तर नाही. आठवड्याने एकदा आठवण, मग सोडून द्यायचं.

आता ऑफरचं. इथे मी मैत्रिणींच्या विरुद्ध बोलणार आहे, पण कंपन्यांची वकिली करण्यासाठी नाही. 2022 च्या बॅचमधल्या कित्येक मुलांना बड्या आयटी कंपन्यांनी ऑफर लेटर हातात देऊन जॉइनिंगसाठी दीड-दोन वर्षं ताटकळत ठेवलं. पुण्याची नाइट्स ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना त्यासाठी कामगार मंत्रालयापर्यंत गेली. तेव्हा ‘कंपनीशी एकनिष्ठ राहा’ हा उपदेश मी कोणाला करत नाही. जिथे तू अजून एक दिवसही काम केलं नाहीस, तिथे तुझी निष्ठा कोणाकडे गहाण नाही. पण दोन गोष्टी तू प्रत्येकाला देणं लागतेस : स्वतःबद्दलची खरी माहिती आणि बेत बदलला तर वेळेवर खबर.

फोन न उचलण्याने काय होतं ते त्या लहान कंपनीच्या बाजूने बघ. तू हो म्हटल्यावर त्यांनी यादीतल्या दुसऱ्या मुलीला ‘जागा भरली’ असं कळवलंय. ती तुझ्यासारखीच कुठल्यातरी पीजीत बसली आहे. एक तारखेला तू आली नाहीस, दोन तारखेलाही नाही, तोवर ती दुसरीकडे गेलेली असेल किंवा गावी परतलेली असेल. आठ दिवस आधी कळवलंस तर जागा तिला मिळू शकते. शिवाय हे क्षेत्र वाटतं तेवढं मोठं नाही. बाणेरच्या लहान कंपनीतली एचआर दोन वर्षांत हिंजवडीतल्या मोठ्या कंपनीत जाते, आणि तिच्या शीटमध्ये तुझ्या नावापुढे ‘नो शो’ लिहिलेलं तिला आठवत असतं.

दुसरी फेरी देण्यात अडचण काही नाही. जरूर दे. त्याआधी दोन कामं कर. पहिलं, ऑफर लेटर नीट वाच. बाँड किंवा रुजू न झाल्यास भरपाईचं कलम आहे का, बघ. असेल तर त्याचा फोटो मला पाठव, मग बोलू. दुसरं, मोठ्या कंपनीला आजच कळव. मेल साधा असू दे : ‘माझ्याकडे एक ऑफर आहे, एक तारखेला रुजू व्हायचं आहे. आपल्याकडे काम करायला मला आवडेल. दुसरी फेरी त्याआधी होऊन निर्णय कळू शकेल का?’ ऑफरचा आकडा विचारला तर आहे तोच सांग. फुगवून सांगितलास तर लेटर दाखवा म्हणतात, आणि मग पंचाईत होते. एक तारखेच्या आधी त्यांचं उत्तर आलं नाही तर निमूटपणे पहिल्या ठिकाणी रुजू हो. ‘येईल येईल’ म्हणून हातातली जागा सोडायची नाही. तुझ्या परिस्थितीत पहिला वर्षभराचा खरा अनुभव पगारातल्या फरकापेक्षा जास्त कामाचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. सरांचा दुप्पट पगाराचा हिशोब मला पटत नाही.

मोठ्या कंपनीचं झालं, लेखी ऑफर मेलवर आली (फोनवरचं ‘सिलेक्ट झालात’ धरायचं नाही), तर त्याच दिवशी पहिल्या एचआरला फोन कर. आधी फोन, मग मेल. ‘मॅडम, मला दुसरी ऑफर आली आहे आणि मी ती घेते आहे. तुम्हाला त्रास होतोय याची कल्पना आहे, म्हणून लगेच कळवते आहे.’ त्या चिडतील. चिडू देत. कदाचित पगार वाढवून देतो म्हणतील. आधीच ठरवून ठेव की त्या वेळी काय म्हणायचं, नाहीतर फोनवर पुन्हा एकदा हो म्हणून बसशील आणि दोन कंपन्यांना दोनदा हो म्हटलेलं होईल. आजीचं आजारपण, घरची अडचण असली कारणं मात्र सांगू नकोस. खरं कारण सांगण्यासारखं आहे.

राहिले बाबा. त्यांची काळजी मला कळते. मुलगी एकटी पुण्यात, कंपनी कसली, लोक कसले. पण त्यांनी एचआरला फोन करू नये. एचआरच्या दृष्टीने त्यातून एवढंच कळतं की ही मुलगी स्वतःच्या पगाराचं स्वतः बोलू शकत नाही. बाबांना खात्री करायचीच असेल तर कंपनीचं नाव कॉर्पोरेट मंत्रालयाच्या वेबसाइटवर शोधता येतं. नोंदणी कधीची, पत्ता कुठला, संचालक कोण, हे दिसतं. एखाद्या शनिवारी येऊन बाहेरून ऑफिस बघून जाऊ देत, परतीची बस कुठे मिळते ते बघू देत. पगार, शिफ्ट, सुट्ट्या हे मात्र तू विचारायचंस, आणि मेलवर.

त्यांना एक काम जरूर सांग. ‘प्लेसमेंट होईपर्यंत’ म्हणून क्लासने तुझ्या मूळ मार्कशीट ठेवून घेतल्या असतील, तर त्या परत आणायला बाबांना बरोबर घेऊन जा. सर आज-उद्या करतील, फीचा विषय काढतील. मार्कशीट हातात पडल्याशिवाय तिथून उठायचं नाही, आणि मगच त्यांना सांगायचं की तुला ते लेटर नको आहे.