सगळ्यातलं थोडं थोडं येतं, मग स्टार्टअपवाले घेतील का?

प्रश्न : ताई, मी सायन्स ग्रॅज्युएट आहे पण एका विषयात नाही, कोर्सच मिक्स होता, म्हणजे थोडं फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, स्टॅट्स, पायथन पण कामापुरतं येतं. स्टार्टअपमध्ये जायचंय पण जाहिरातीत एकतर सॉफ्टवेअर इंजिनिअर नाहीतर पीएचडी मागतात. रेझ्युमे टाकून टाकून कंटाळलोय. माझ्यासारख्याचं नक्की काय काम असतं तिथे?

उत्तर : अरे, 'मला सगळ्यातलं थोडं येतं' हे सांगणं आधी बंद कर, त्यातून समोरच्याला काही कळत नाही. छोट्या टीममध्ये गाडं अडतं ते बऱ्याचदा दोन विषयांच्या मधल्या फटीत, आणि तिकडे कोणी बघत नसतं. समज, बायोरिॲक्टरचा, म्हणजे जिवंत पेशी वाढवायच्या टाकीचा, पीएच मोजणारं यंत्र बनवतायत. टेबलावर रीडिंग बरोबर, रिॲक्टरला लावलं की चुकतं. केमिस्ट म्हणते इलेक्ट्रोड, म्हणजे पीएच ओळखणारी कांडी, नवाकोरा आहे, कोडवाला म्हणतो बग नाही, आणि दोघंही खरंच बोलतायत! पण इलेक्ट्रोडचा सिग्नल तापमानाप्रमाणे बदलतो ना, 25 अंश सेल्सिअसला एका पीएच युनिटमागे साधारण 59 मिलिव्होल्ट, 37 ला साडेएकसष्टच्या आसपास, आणि कोडमध्ये कोणीतरी 59 कायमचा ठोकून ठेवलाय. हे पकडायला पीएचडी कशाला हवी, नर्न्स्टचं समीकरण (सिग्नल आणि तापमानाचं हेच नातं सांगणारं) आठवणारा आणि कोडची फाइल उघडायला न घाबरणारा माणूस हवा. म्हणजे तू.

आता असलं एखादं काम करून दाखव. प्रोटीन डेटा बँक, नासाचा उपग्रहांचा डेटा, फुकट पडलंय सगळं. कंपनीच्या प्रॉडक्टच्या जवळपासचा एकच प्रश्न घे, दोन पानं लिही, ग्राफ टाक, कुठे जमलं नाही तेही लिही, कोड गिटहबवर ठेव आणि सरळ फाउंडरला मेल कर, कारण एवढ्याशा कंपनीत वेगळा एचआर बहुतेक नसतोच.

शोधताना नुसतं 'सायंटिस्ट' टाकू नकोस. क्वालिटी, रेग्युलेटरी, टेक्निकल सपोर्ट, ॲप्लिकेशन स्पेशालिस्ट हेही बघ. मला विचारशील तर ॲप्लिकेशनचं काम सगळ्यात भारी, ग्राहकाच्या लॅबमध्ये उभं राहून आपलं यंत्र लोक कसं उलटंसुलटं वापरतात ते डोळ्यांनी दिसतं.

इंटरव्ह्यूत तूही विचार की हातातले पैसे किती महिने पुरतील, आणि कंट्रोलचा डेटा, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेल्या नमुन्यांवर यंत्र काय दाखवतं ते, बघायला मिळेल का. लाजू नकोस. थेरानोस माहितीय ना, 2003 ला सुरू होऊन 2018 ला बंद पडलेली रक्ततपासणीवाली कंपनी? तिथली गडबड बाहेर काढणाऱ्यांत टायलर शुल्ट्झ आणि एरिका चंग होते, दोघंही नुकतेच कॉलेजातून बाहेर पडलेले, क्वालिटी कंट्रोलचे निकाल बघूनच त्यांना शंका आली.

आणि हो, पगार कमी देऊन शेअर्सचं गाजर दाखवलं तर अटी नीट वाच. बऱ्याच ठिकाणी ते 4 वर्षांत हळूहळू मिळतात आणि पहिलं वर्ष भरायच्या आत सोडलंस तर हातात भोपळा, त्यामुळे घरखर्च भागेल एवढा पगार आधी ठरवून घे, शेअर्सचं नंतर बोल.