तू जेवलास का तिथं?

चि. बाळ हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राचा फोटो आजीने पाठवला आणि कामावरून परतताना गाडीत मी ते दोनदा वाचले. गेल्या नाताळात आपण न्यूयॉर्कच्या बावरी मिशनमध्ये बेघर माणसांना जेवण वाढायला गेलो, तेव्हा आपण नुसते वाढले, तिथला घासही तोंडात घातला नाही. मग परवा अंबाबाईचे दर्शन झाल्यावर आजीने तुला देवळाजवळच्या अन्नछत्रात पंगतीला का बसवले, असे तू विचारले आहेस. घरी स्वयंपाक तयार असताना आपण कुणा गरिबाच्या वाटणीचे तर जेवलो नाही ना, याची तुला रुखरुख लागली आहे आणि 'मराठी माणसे असे का करतात' हा प्रश्न तू शेवटी दोन रेघा मारून लिहिला आहेस.

आधी मिशनविषयी लिहितो. बावरी हे रस्त्याचे नाव आहे. मूळ डच शब्दाचा अर्थ शेतवाडी, म्हणजे कोल्हापुरात त्याला कुणी 'मळा' म्हटले असते. घरदार नसलेल्या, दारूपायी सर्वस्व गमावलेल्या माणसांसाठी एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाने आणि त्याच्या पत्नीने १८७९ साली हे मिशन सुरू केले. तिथली लाल दारे तुला आठवत असतील, आणि प्रार्थनेच्या दालनातली रंगीत काचेची खिडकीही, जिच्यात घर सोडून गेलेला उधळ्या मुलगा बापाकडे परत येतो. त्या दिवशी तू हातमोजे घालून पाव वाढत होतीस. एकावर एक दोन कोट चढवलेल्या एका म्हाताऱ्याने अर्धा पाव कागदी रुमालात गुंडाळून खिशात ठेवला, मग शेजारची खुर्ची पायाने मागे सारली आणि तुला-मला हाताने 'बसा' अशी खूण केली. मी हसलो आणि घड्याळाकडे पाहिले. आपल्याला कुठेही जायचे नव्हते.

रात्री मी हौसेने आजीला फोनवर सारे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "तू जेवलास का तिथं?" मी नाही म्हणालो. "मग उभ्या उभ्याच आलास व्हय?" एवढे बोलून तिने विषय बदलला.

आजीने तुला पंगतीला बसवले, ते यामुळे. अन्नछत्रातले जेवण हा देवीचा प्रसाद मानतात आणि प्रसादाला कुणी नाही म्हणत नाही, हे तुला ठाऊक आहे. पण त्यात आणखी एक सोय आहे. तू लिहिले आहेस की, तुझ्या एका बाजूला भंगाराचे पोते भिंतीला टेकवून आलेली बाई होती आणि दुसऱ्या बाजूला गळ्यात सोन्याची साखळी घातलेला गृहस्थ. वाढपी 'भात, भात' करीत पुढे सरकला आणि त्याने तिघांच्याही ताटात सारखाच डाव उलटला. त्या साखळीवाल्याने बाहेर हॉटेलात जेवायचे ठरवले असते, तर पंगतीत पोतेवाल्याच उरल्या असत्या आणि तिथे बसणे म्हणजे गरीब असल्याची पाटी गळ्यात घालणे झाले असते. तू एक ताटभर जेवलीस, त्याने कुणी उपाशी राहिले नाही. तिथून निघताना आजीने दानपेटीत काय टाकले ते तू पाहिले नसशील, कारण ती ते मूठ मिटून टाकते.

पण पंगतीचे कौतुक करताना मला खोटे लिहायचे नाही. आपल्याकडे पंक्तिप्रपंच असा एक शब्दच आहे. वाढताना माणूस पाहून डावे-उजवे करणे, हा त्याचा अर्थ. गावजेवणाच्या पंगती जातीप्रमाणे उठत आणि ज्यांना अस्पृश्य मानले होते त्यांना लांब बसवून उरलेले देत. याच कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे नोकर होते. सवर्णांच्या हौदाचे पाणी घेतले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, शिवाय कांबळ्यांना चहाचे हॉटेल काढून दिले, आणि तिथे गिऱ्हाईक फिरकेना तेव्हा आपली गाडी त्या दारात थांबवून स्वतः चहा मागवला आणि बरोबरच्या सवर्ण मंडळींनाही प्यायला लावला. नुसते पैसे देऊन महाराज मोकळे होऊ शकले असते. त्यांनी कांबळ्यांच्या हातचा चहा घेतला, हे मला फार मोठे वाटते. (भवानी मंडपाकडे जाल तेव्हा आजीकडून ही गोष्ट तिच्या पद्धतीने ऐक, महाराजांचा आवाज ती फार छान काढते.)

आणि एक. मिशन हा शब्द आजीला परका नाही. १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले आणि त्यांनी इथे शाळा काढल्या. पुढे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत जे रुग्णालय उभारले, त्याला आपल्याकडची जुनी माणसे अजूनही 'मिशन हॉस्पिटल'च म्हणतात. तिथे आजीच्या आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले. तेव्हा रांगेत आपण होतो आणि वाढणारे अमेरिकेतून आलेले होते. आजीला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. तिथल्या नर्सबाईंना तिच्या आईने घरच्या गुळाची ढेप नेऊन दिली होती, एवढेच ती आवर्जून सांगते.

तू जूनमध्ये परत आलीस की पहिल्या शनिवारी आपण पुन्हा बावरीला जाऊ. वाढून झाल्यावर आपल्यालाही त्याच टेबलावर बसता येईल का, हे मी आधी फोन करून विचारून ठेवतो. त्या दिवशी घरून डबा न्यायचा नाही, आणि घड्याळ मी घरीच ठेवीन. आजीला नमस्कार सांग आणि हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखव. जोडाक्षरे अडली तर ती सांगेल.

कळावे,

तुझा बाबा