पोलिश लोकवेशातल्या लिननच्या एप्रनवरची भोकांची नक्षी उसवते, काय चुकतंय?

बहुधा क्रम चुकतोय. क्राकुफकडच्या पांढऱ्या एप्रनवर (तिकडे ‘झापास्का’) असते ती नक्षी कापून सुरू करायची नसते. आधी लिनन गरम पाण्यातून काढा, नाहीतर पहिल्या धुण्यात कापड आटतं आणि नक्षीभोवती चुण्या पडतात. भोकाच्या रेघेवर बारीक धावदोरा दोनदा घाला. ५ मिमीपर्यंतचं भोक टोच्याने पाडा. धागे तुटत नाहीत, नुसते सरकतात. मोठ्याला आत फुलीसारखी चीर द्या, चारही पाकळ्या मागे दुमडा आणि त्यांना धरूनच काठावर दाट टाके घाला. उरलेलं मागून कातरा. दोरा सुतीच. इस्त्री उलट बाजूने, जाड टॉवेलवर, कापड दमट असताना. सरळ बाजूने फिरवलीत की उठाव बसलाच!