अंधांच्या केंद्राचा अधीक्षक अंध असावा का?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी निवृत्त नायब तहसीलदार. आमच्या जिल्ह्यात प्रौढ अंधांसाठी शासकीय अनुदानावर चालणारं निवासी प्रशिक्षण केंद्र आहे. तिथल्या अधीक्षकाची जागा भरायची आहे आणि निवड समितीत मला घेतलं आहे. अर्जदारांपैकी एक गृहस्थ पूर्ण अंध आहेत. एम.ए., बी.एड., शिकवण्याचा अकरा वर्षांचा अनुभव. बैठकीत एक सदस्य म्हणाले, "सही कुठे करायची ते शिपाई दाखवणार, म्हणजे कारभार शिपायाचाच." दुसरे म्हणाले, "अंधाचं दुःख अंधालाच कळतं. त्यांनाच घ्या, चर्चा कशाला?" मला दोन्ही पटलं नाही, पण का ते सांगता येईना. पुढची बैठक महिनाअखेरीस आहे. तुम्ही या वाटेने गेला आहात म्हणून विचारतो.

उत्तर : तुमचं पत्र फोनने मला वाचून दाखवलं. त्या दोन सदस्यांची वाक्यं मी पुन्हा मागे जाऊन ऐकली. दोघेही अर्जदाराच्या डोळ्यांकडेच बघताहेत. मी त्यांच्या जागी असते तर वेगळं विचारलं असतं : अंध माणूस काय करू शकतो, याबद्दल या उमेदवाराचं मत काय आहे? कारण खुर्चीतल्या माणसाचं जे मत असतं, तेच हळूहळू सगळ्या केंद्राचं होतं. पार स्वयंपाकघरापर्यंत.

१९९३ साली मी एकतीस वर्षांची होते, शाळेत गणित शिकवत होते. रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्यांच्या विकाराने नजर नळीतून बघितल्यासारखी अरुंद झाली आणि फळ्यावरचं दिसेनासं झालं. घरच्यांनी एका केंद्रात पाठवलं. तिथले अधीक्षक डोळस होते, स्वभावाने फार मायाळू. पहिल्या दिवशी म्हणाले, "बाई, आता तुमची धावपळ संपली. इथे निवांत राहा." आणि माझ्या हातात वेताची पट्टी दिली. खुर्च्या विणायच्या. चार महिने मी खुर्च्या विणल्या. काठी मागितली तर उत्तर मिळालं, "पडलात तर जबाबदारी कुणाची?" न्हाणीघरापर्यंतही कुणीतरी कोपर धरून न्यायचं. स्वयंपाकघराला बाहेरून कडी असायची. तिथे कुणी मला टाकून बोललं नाही की उपाशी ठेवलं नाही. तरी गेले होते त्याहून जास्त आंधळी होऊन मी घरी परतले.

दोन वर्षांनी दुसऱ्या शहरात शिकायला गेले. तिथले सर स्वतः अंध. माझ्या उजव्या डोळ्याच्या कडेला थोडा उजेड शिल्लक होता. त्यांनी पहिल्याच सकाळी दोन्ही डोळ्यांवर काळी पट्टी बांधायला लावली. म्हणाले, "तो उजेड तुम्हाला फसवतोय. आधी त्याच्यावाचून शिका." मग शेगडीपाशी उभं केलं. कढईच्या वर, जरा उंचावर, तळहात धरून तेलाची धग समजून घ्यायची. "मोहरीचे दोनच दाणे टाका आणि ऐका." दाणे गप्प राहिले तर थांबायचं. तडतडले की उरलेली मोहरी, मग हिंग, मग कांदा. कांदा शिजला की त्याचा आवाज बदलतो, ओला चरचराट बसत जातो, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी एकटीने पोहे केले. सरांनी खाल्ले आणि एवढंच म्हणाले, "मीठ कमी आहे." अंध बाईने केले म्हणून वाहवा नाही, कौतुक नाही. नजर गेल्यापासून माझ्या कामाला कुणीतरी पहिल्यांदाच खरी पारख लावली होती. त्या दुपारी मी खोलीत जाऊन रडले, आनंदाने.

आयोवाचं नाव मी त्या सरांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. अमेरिकेतलं हे शेतीप्रधान राज्य. अंधांना कामाधंद्याला लावण्यात १९५०च्या दशकात ते देशात अगदी तळाला होतं. १९५८ साली तिथल्या सरकारी अंध आयोगाच्या संचालकपदी केनेथ जर्निगन आले, वय एकतीस. जन्मापासून अंध, टेनेसीतल्या शेतकऱ्याच्या घरात वाढलेले. तरुणपणी त्यांना वकील व्हायचं होतं, पण पुनर्वसन खात्याच्या अधिकाऱ्याने अंधाला ते जमायचं नाही म्हणून मोडता घातला. मग त्यांनी फर्निचर बनवून विकलं, विमा विकला, नॅशव्हिलच्या अंधशाळेत शिकवलं, कॅलिफोर्नियातल्या प्रशिक्षण केंद्रात काम केलं.

आयोवात त्यांनी राजधानी डे मॉइनमधली वायएमसीएची जुनी इमारत आयोगासाठी घेतली आणि तिथे प्रौढांचं निवासी केंद्र सुरू केलं. थोडं दिसणाऱ्यांनीही डोळ्यांवर पट्टी बांधायची. लांब पांढरी काठी घेऊन भर वाहतुकीचे चौक एकट्याने ओलांडायचे. यंत्राच्या करवतीवर लाकूड कापायचं, निखाऱ्यावर मांस भाजायचं. काठीने चालायला डोळस माणसानेच शिकवावं असा त्या काळचा दंडक होता, तिथे आयोवात अंध शिक्षक हे शिकवू लागले. आणि तुमच्या समितीने ध्यानात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे, डोळस कर्मचाऱ्यांनाही पट्टी बांधून हेच शिकावं लागे. रस्ता काठीने ओलांडता येतो हे ज्याने अंगावर घेतलेलं नाही, तो दुसऱ्याला "जा" म्हणताना कचरतो. त्याचं ते कचरणं शिकणाऱ्याला लगेच कळतं.

दहा वर्षांत, १९६८ साली, आयोवाच्या या कामाचा राष्ट्राध्यक्षांच्या वतीने गौरव झाला. तो करायला आलेले हॅरल्ड रसेल लष्करी सेवेत दोन्ही हात गमावलेले गृहस्थ होते. माणसाला अंधत्व यायचंच असेल तर ते आयोवात यावं, अशा अर्थाचं ते तिथे बोलले. राज्य तेच होतं, लोकही तेच होते.

आता तुमच्या दुसऱ्या सदस्यांबद्दल. त्यांच्या मनातला चांगुलपणा मला समजतो, पण त्यांच्याशी मी सहमत नाही. माझ्या पहिल्या केंद्रात माझ्याबरोबर खुर्च्या विणणारे एक काका बावीस वर्षं तिथेच होते. अंधाला याहून जास्त काही येत नाही, यावर त्यांचा पक्का विश्वास बसला होता. त्यांना अधीक्षक केलं असतं तरी स्वयंपाकघराची कडी तशीच राहिली असती. तेव्हा नुसतं अंध असणं पुरत नाही. आयोवाच्याच गोष्टीला दुसरी बाजूही आहे. जर्निगन १९६८पासून अमेरिकेतल्या अंधांच्या राष्ट्रीय महासंघाचेही अध्यक्ष होते, म्हणजे सरकारी आयोग आणि चळवळ दोन्हींचं नेतृत्व एकाच हाती. त्यावरून वर्तमानपत्रांत कडक टीका झाली. १९७८ साली त्यांनी संचालकपद सोडलं. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे, तरीही सांगते : कुणालाही नेमा, हिशेब दर वर्षी मागा. अंध आहेत म्हणून त्यात सवलत देऊ नका. सवलत देणं म्हणजे पुन्हा वेताची पट्टीच हातात देणं.

राहिला सहीचा मुद्दा. तुम्ही महसूल खात्यात उभी हयात काढलीत. न वाचता फायलींवर होणाऱ्या सह्या तुम्ही पाहिल्या असतीलच. फाइल वाचली जाते का, हा खरा प्रश्न, आणि ती वाचण्याची सोय आज आहे. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, फुकट मिळतो, मराठीही वाचतो. अडचण येते ती कागद स्कॅन करून नुसतं चित्र पाठवलं तर, किंवा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं तर. तेव्हा कानावर निव्वळ अर्थहीन अक्षरं आदळतात. पत्रव्यवहार युनिकोडमध्ये ठेवा, निम्मं काम तिथेच होईल. सहीच्या जागी खाच पाडलेली पुठ्ठ्याची पट्टी ठेवली की ओळ चुकत नाही. मी बँकेत गेली कित्येक वर्षं तशीच सही करते. दिव्यांग हक्क कायदा, २०१६च्या कलम २० प्रमाणे अशा सोयी पुरवणं हे शासकीय आस्थापनेचं कर्तव्यच आहे. आपल्या उल्हासनगरच्या प्रांजल पाटील पूर्ण अंध असून २०१९ साली तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या. दृष्टी नाही एवढ्या कारणावरून कुणाला न्यायिक सेवेतून वगळता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३ मार्च २०२५ रोजी दिला. न्यायाधीश साक्षीपुरावे तपासू शकतो, तर अधीक्षक किराण्याची बिलं तपासू शकतो.

मुलाखतीपूर्वी केंद्राचं अंदाजपत्रक सगळ्याच उमेदवारांना चार दिवस आधी पाठवा, या गृहस्थांना युनिकोड फाइलमध्ये. मुलाखतीत त्यावर बारीक प्रश्न विचारा. नंतर प्रत्येकाला केंद्रात एक फेरी मारायला सांगा. कुणाचंही कोपर धरू नका. कोण कोठीत डोकावतो, कोण प्रशिक्षणार्थींशी थेट बोलतो आणि कोण त्यांच्याबद्दल मेट्रनला विचारतो, ते बघा. डोळस उमेदवार असेल तर पट्टी बांधून महिनाभर शिकायची तयारी आहे का, हेही विचारा. आणि एक प्रश्न माझ्यातर्फे सगळ्यांना : "नुकतीच नजर गेलेली एकतीस वर्षांची शिक्षिका उद्या सकाळी दारात आली, तर पहिल्या दिवशी तिच्या हातात काय द्याल?"

उत्तरं शब्दशः लिहून घ्या आणि मला कळवा.