एकट्या अंतराळवीराचा श्वास

प्रश्न : बिघडलेल्या अंतराळयानात एकच अंतराळवीर वाचला, तर ऑक्सिजन संपल्यानेच तो दगावेल ना? (एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : बहुधा त्याआधीच. माणूस दिवसाला सुमारे १ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि तो शोषणारी यंत्रणा बंद पडली, तर ऑक्सिजन शिल्लक असतानाही गुंगी येऊन शुद्ध हरपते. आपल्याकडे जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी जाणती माणसे पेटता कंदील खाली सोडून पाहतात, ती धास्ती याच जातीची. १९७० मध्ये अपोलो १३ या अमेरिकी चांद्रमोहिमेत मुख्य यान बिघडल्याने तिघा अंतराळवीरांनी चंद्रावर उतरण्यासाठीच्या जोडयानात आश्रय घेतला, तेव्हा मुख्य यानातील चौकोनी शोषक डबे तेथील गोल जागेत बसेनात. अखेर पुठ्ठा, प्लास्टिकच्या पिशव्या आणि चिकटपट्टी यांवर निभावले. शिवाय वजनरहित अवस्थेत उष्ण हवा वर जात नसल्याने, पंखा थांबल्यास झोपलेल्याचा उच्छ्वास तोंडाभोवतीच साचतो.